३५ शेक आणि खाडा एकही नको: केमो-रेडिएशन सुरू व्हायच्या आधी करून ठेवायची कामं

बाबांच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली, ऑपरेशन नाही करायचं, ३५ शेक (रेडिएशनला आपल्याकडे शेकच म्हणतात) आणि सोबत दर आठवड्याला एक केमो असं ठरलं. डॉक्टर म्हणाले साधारण पंधरा दिवसांनी सुरू करू. आम्ही घरी आलो आणि पंधरा दिवस वाट बघायची असं धरून बसलो. तिथेच चुकलो. ते पंधरा दिवस वाट बघायचे नसतात, पुढच्या सात आठवड्यांची सगळी बेगमी त्यातच करायची असते, आणि हे आम्हाला कुणी नीट सांगितलं नाही म्हणून मी लिहितेय. मी डॉक्टर नाही, बाबांबरोबर रोज जाऊन बसलेली मुलगी आहे, त्यामुळे औषधाचं काहीही करायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना विचाराच. आणि हे सगळं तोंड-घशाच्या कॅन्सरबद्दल आहे, कारण मी तेच बघितलंय. आपल्याकडे तंबाखू, गुटखा, मिश्रीमुळे घरटी एक तरी असा पेशंट ऐकायला मिळतोच.

आधी हिशोब समजून घ्या म्हणजे बाकीचं का करायचं ते कळेल. रोज एक शेक, सोमवार ते शुक्रवार, शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे ३५ शेकांना पूर्ण सात आठवडे. रोज २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप) असे एकूण ७० ग्रे. काहींना ३० किंवा ३३ शेक असतात, ते गाठीवर आणि आधी ऑपरेशन झालंय का त्यावर ठरतं. यात मध्येच आठ दिवस खंड पडला तर गाठीतल्या पेशी परत वाढायला लागतात आणि उपचाराचा गुण कमी होतो. आमच्या डॉक्टरांनी हे फार साध्या भाषेत सांगितलं, "रोजंदारी समजा, खाडा झाला तर पगार कापला जातो." तेव्हापासून आमच्या घरात तोच शब्द. दात, वजन, पैसे, गाडी, राहायची सोय, सगळ्याची तयारी एकाच गोष्टीसाठी, खाडा होऊ नये म्हणून.

सगळ्यात आधी दात. हो दातच. गाठीचं सोडून दातांचं काय असं बाबांना पण वाटलं होतं आणि ते चिडले पण होते. शेकामुळे जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, लाळ आटते आणि दात पटापट किडतात, आणि नंतर तिथला दात काढला तर जखम भरत नाही, हाड सडायला लागू शकतं. म्हणून जे दात किडलेत, हलतायत, त्यांचा निकाल शेक सुरू व्हायच्या आधी लावायचा, आणि काढल्यावर जखम भरायला दहा ते चौदा दिवस हातात ठेवायचे. आमचं काय झालं, गावातल्या एका दातांच्या डॉक्टरनी नुसतं साफ करून दिलं, म्हणाले दाढा नंतर बघू, आणि हॉस्पिटलमध्ये गेल्यावर तिथल्या डेंटलवाल्यांनी जबड्याचा पूर्ण एक्सरे काढून सांगितलं की तीन दाढा आत्ताच काढायच्या. आठ दिवस फुकट गेले. तुम्ही सरळ हॉस्पिटलच्याच डेंटल विभागात जा, किंवा बाहेर गेलात तर "जबड्याला रेडिएशन होणार आहे" हे पहिलं वाक्य सांगा. आणि हे कायमचं लक्षात ठेवायचं, पाच वर्षांनी दात दुखला तरी रेडिएशनवाल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढायचा नाही.

दुसरं, वजन. बारीक माणसानी पण आणि जाड माणसानी पण, या काळात वजन कमी होऊ द्यायचं नाही. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास तोंड सोलवटतं, चव जाते, लाळ दोरीसारखी चिकट होते, मग साधं वरणभात गिळताना पण डोळ्यात पाणी येतं, त्यामुळे जे काही अंगात साठवायचं ते आत्ता. बाबांना आम्ही रोज दोन अंडी, नाचणीचं सत्त्व दुधात, दाण्याचा लाडू, मुगाचं कढण, पनीर आणि वर सढळ तूप असं चालू केलं. शुगर असेल तर अर्थातच लाडू बंद, डाएटिशियनकडून तक्ता घ्या. "कॅन्सरला साखर चालत नाही", "दूध बंद करा", "नुसते गव्हांकुर द्या" असं सांगणारे नातेवाईक याच आठवड्यात उगवतात. आमच्याकडे एक काका पपईच्या पानांच्या रसाची बाटलीच घेऊन आले होते. चहा पाजून पाठवलं. काढे, भस्मं, कुणाचं तरी गुणकारी चूर्ण, हे केमोबरोबर परस्पर अजिबात नको, केमोचं औषध किडनीवर आधीच ताण देतं त्यात हे नको. आधीपासून काही घेत असाल तर लपवू नका, डॉक्टरांना पुडी दाखवा. वजनाचा एकच काटा ठरवा, दर सोमवारी सकाळी त्याच काट्यावर करा आणि वहीत लिहा. बाबा ६२ किलोवर सुरू झाले आणि ५६ वर संपले, आणि ते बरं गेलं म्हणायचं.

याच्याशी लागूनच नळीचा विषय येतो. नाकातून पोटात जाणारी नळी किंवा पोटाला भोक पाडून बसवतात ती. घरातले सगळे नळीला घाबरतात, "नळी लागली म्हणजे संपलं" असं काहीतरी डोक्यात बसलेलं असतं. तसं काही नसतं हो, ती जेवणाची तात्पुरती सोय असते. खाणं कमी झाल्यावर आठ दिवस हट्ट करून मग अशक्तपणामुळे ॲडमिट व्हायचं आणि शेक बुडवायचा, त्यापेक्षा नळी बरी. बाबांशी आधीच बोलून ठेवलं होतं की वजन अमुक खाली गेलं की नळी घालायची, वाद नको, त्यामुळे चौथ्या आठवड्यात वेळ आली तेव्हा भांडण झालं नाही. मिक्सर मात्र चांगला घ्या आणि गाळणी बारीक, कारण भाजीचा एक दोरा नळीत अडकला की रात्री अकरा वाजता काय धावपळ होते ते आम्हाला विचारा. नळी असली तरी थोडं थोडं पाणी तोंडाने गिळत राहायचं, नाहीतर गिळायचे स्नायू आळशी होतात.

गिळण्याचे आणि तोंड उघडण्याचे व्यायाम पण आधीच शिकून घ्या, हॉस्पिटलमध्ये स्पीच थेरपिस्ट असतात ते शिकवतात. आमच्या मॅडमनी आईस्क्रीमच्या लाकडी काड्या आणायला सांगितल्या. काड्या एकावर एक रचायच्या, तो गठ्ठा दातांच्या मधे धरायचा, पहिल्या दिवशी किती मावतात ते लिहून ठेवायचं आणि मग तो आकडा खाली येऊ द्यायचा नाही. बाबांचे १९ होते. गुटख्यामुळे ज्यांचं तोंड आधीच कमी उघडतं त्यांनी तर हे अजिबात टाळू नका. एरवी मोजायचं तर आपलीच तीन बोटं उभी तोंडात गेली पाहिजेत.

आता मास्क. याला कुणी मोल्ड म्हणतं, कुणी साचा. शेक रोज अगदी त्याच जागी बसला पाहिजे म्हणून डोकं-मान हलू नये यासाठी चेहऱ्याचा जाळीदार मास्क बनवतात. प्लास्टिकची एक शीट असते, गरम पाण्यात टाकली की पापडाच्या लाटीसारखी मऊ पडते, मग ती चेहऱ्यावर खांद्यापर्यंत ओढतात आणि काही मिनिटांत ती गार होऊन कडक होते. दुखत नाही, कोमट फडकं तोंडावर टाकल्यासारखं वाटतं. मग तो मास्क टेबलाला क्लिपांनी अडकवून सीटी स्कॅन काढतात, त्याच्यावरून प्लॅनिंग होतं आणि त्याला काही दिवस जातात. मोल्डच्या आदल्या दिवशी दाढी-मिशी साफ करून जा आणि केस जेवढे ठेवायचेत तेवढेच कापून जा, कारण नंतर दाढी काढली किंवा वजन उतरलं की मास्क ढिला होतो आणि सगळं परत करावं लागू शकतं. कवळी असेल तर ठेवायची का काढायची ते विचारा. ज्यांना लिफ्टमध्ये पण कोंडल्यासारखं होतं त्यांनी घरी सराव करा, बाबा आठ दिवस रोज दुपारी तोंडावर ओला पंचा टाकून दहा मिनिटं उताणे पडायचे, आई म्हणायची हे काय बघवत नाही मला, पण त्याचा उपयोग झाला.

शेक हा शब्द फसवा आहे बरं का, काही गरम बिरम लागत नाही. मशीन फिरतं, आवाज येतो, दहा पंधरा मिनिटांत बाहेर. शेक घेऊन आलेल्या माणसाच्या अंगात किरणं राहत नाहीत, नातवंडांना खुशाल जवळ घेऊ द्या, आमच्याकडे शेजारच्या एका बाईंनी पोरांना पाठवणं बंद केलं होतं, त्यांना समजावून सांगावं लागलं. डॉक्टरांना एक प्रश्न आधीच विचारा, शेक साध्या पद्धतीने देणार का आयएमआरटीने, म्हणजे किरणांचा जोर गाठीच्या आकाराप्रमाणे कमी-जास्त करून. आयएमआरटीत लाळेच्या ग्रंथी बऱ्यापैकी वाचवता येतात म्हणजे पुढे तोंड कोरडं पडायचा त्रास कमी, खर्च मात्र जास्त असतो. कुठलं तुमच्या गाठीला लागू आहे ते तेच सांगतील, पण विचारलं नाही तर घाईत राहून जातं.

केमोचं औषध या आजारात बहुतेक वेळा सिस्प्लॅटिन असतं. ते किडनीवर आणि कानावर जातं, म्हणून आधी रक्ताच्या तपासण्या, क्रिएटिनिन म्हणजे किडनीची तपासणी आणि ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घेतात. कानाच्या तपासणीची चिठ्ठी दिली नसेल तर मागा. नंतर कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं तर आधी कसं होतं ते माहीत असावं लागतं. कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनानी आणून खायच्या नाहीत, किडनीचं कारण तेच. पाणी भरपूर, आम्हाला दिवसाला अडीच-तीन लिटर सांगितलं होतं, हृदयाचा त्रास असेल तर तुमचा आकडा वेगळा असेल. आधी सवय नसेल तर तांब्या-भांडं जवळ ठेवून आत्तापासून लावा. उलटीच्या गोळ्यांबरोबर स्टिरॉइड देतात त्यानी शुगर एकदम वर जाते, डायबेटिसवाल्यांनी ग्लुकोमीटर घरात आणून ठेवा. आणि सिस्प्लॅटिननी सिनेमातल्यासारखं डोक्याचं टक्कल सहसा होत नाही, केस थोडे विरळ होतात, शेक जिथे बसतो तिथली दाढी मात्र जाते. बाबांना हे आधी कळल्यावर त्यांचं अर्ध टेन्शन गेलं, त्यांना केसांचीच जास्त पडली होती!

वय कमी असेल, पुढे मूल हवं असेल तर केमोच्या आधी वीर्य किंवा बीजांडं साठवून ठेवायचं विचारा. आपल्याकडे सासू-सासऱ्यांसमोर हा विषय निघत नाही म्हणून राहून जातो. डॉक्टरांना एकट्यात विचारा, पण विचारा.

तंबाखू. यावर मी भाषण देणार नाही. आजार झाल्यावर "आता काय फरक पडतो" म्हणून चालू ठेवणारे मी वेटिंग हॉलमध्ये बघितलेत, फरक पडतो, शेक चालू असताना तंबाखू-सिगरेट चालू असेल तर गुण कमी येतो आणि तोंड जास्त सोलवटतं. मिश्री पण त्यातच आली, दात घासायला का असेना. बाबांनी चुन्याची डबी आईच्या हातात दिली आणि त्यानंतर चार दिवस घरात कुणाशी धड बोलले नाहीत. जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे, पुडीवर छापलेला असतो तोच.

पैशाचं आणि कागदांचं काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या, दोघांकडे दिलं की कागद तिसऱ्याच्याच पिशवीत सापडतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता सगळ्या रंगांच्या रेशनकार्डवाल्यांना वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण फक्त योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आणि मंजुरी आधी घ्यावी लागते, म्हणून मोल्डच्या आधीच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमध्ये बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा. रेशनकार्डवर पेशंटचं नाव आहे का आणि आधारवरच्या नावाशी जुळतंय का ते आजच बघा, आमच्या बाबांचं एकीकडे आजोबांच्या नावासकट आणि एकीकडे नुसतं आडनाव, त्यात तहसीलला दोन हेलपाटे. मेडिक्लेम असेल तर केमो आणि रेडिएशन डेकेअरमध्ये बसतं का ते पॉलिसीत वाचा. बायोप्सीचा रिपोर्ट, स्लाइड-ब्लॉक (गाठीच्या तुकड्याच्या काचा आणि मेणाचा ठोकळा), स्कॅनच्या सीड्या सगळं एकत्र ठेवा, कागदांच्या झेरॉक्स तीन तीन आणि मोबाइलमध्ये फोटो. स्लाइड-ब्लॉक हरवू नका, ते परत होत नाहीत.

कुठे घ्यायचं यावर माझं मत स्पष्ट आहे. सल्ला मोठ्या ठिकाणी घ्या, परळला टाटाला जा, पण शेक शक्यतो घराजवळ घ्या जर तिथे मशीन आणि डॉक्टर चांगले असतील. सात आठवडे रोज जायचंय. टाटानी पुढाकार घेऊन २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभं केलं त्यात देशभरातली हॉस्पिटलं आहेत, आपल्याकडे बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटल आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे, नागपूरला आहेत. "माझ्या जिल्ह्याजवळ कुठे घेता येईल" असं टाटाच्या डॉक्टरांनाच विचारायचं, यात लाजण्यासारखं काही नाही. मुंबईतच राहायचं असेल तर दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा ठिकाणी नाव आधी लावा, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते बहुतेक ठिकाणी, आणि गर्दी इतकी असते की शेक सुरू व्हायच्या दिवशी जाऊन जागा मिळेल असं धरू नका. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं पूर्ण भाडं माफ असतं आणि सोबतच्याला ७५ टक्के सूट, त्याचा फॉर्म डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासकट भरून घ्यायचा. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला चढता येतं, फाइल जवळ ठेवा.

घरात आणून ठेवायच्या वस्तू फार नाहीत. डिजिटल थर्मामीटर पहिला, कारण केमोत पांढऱ्या पेशी उतरतात आणि १००.४ च्या वर ताप गेला की क्रोसिन देऊन झोपायचं नाही, रात्र असली तरी हॉस्पिटलला फोन. म्हणून रात्रीचा कुठला नंबर लागतो ते आधीच विचारून फ्रिजवर चिकटवा. लहान मुलांचा मऊ ब्रश. गुळण्यांसाठी मीठ आणि खायचा सोडा, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ एक चमचा सोडा, रोज ताजं, दोन-तीन तासांनी गुळणी, आणि झोंबणारे माउथवॉश बिलकुल नको. गळ्याला घासणार नाहीत असे बिनकॉलरचे सुती सदरे, पुढून बटणं असलेले, कारण नळी आली की डोक्यावरून शर्ट काढता येत नाही. गळ्यातली चेन, ताईत काढून ठेवा. शेकाच्या जागेवर पावडर, हळद-चंदन, बाम काही लावायचं नाही, ब्लेडनी दाढी नाही. केमोनंतर दोन दिवस संडासात दोनदा पाणी टाकायचं आणि उलटीचे कपडे हातमोजे घालून वेगळे धुवायचे, हे पण कुणी सांगत नाही.

सोबतीची पाळी कागदावर लिहा. सुरुवातीला सगळे म्हणतात "मी आहे ना", चौथ्या आठवड्यात मोजून दोघं उरतात. सात आठवड्यांचं कॅलेंडर भिंतीला लावा, त्यात सणवार, लग्नं, मशीन बंद असायच्या सुट्ट्या बघून ठेवा, सुट्टी आली तर शनिवारी शेक देऊन भरून काढतात का ते विचारा. एखाद्या आठवड्यात पेशी उतरल्या म्हणून केमो पुढे गेला तरी शेक बहुधा चालूच ठेवतात, "आज केमो नाही म्हणजे सुट्टी" असं समजून घरी बसायचं नाही. आणि पेशंटला सांगायचं का नाही हा घोळ घालू नका. आमच्या आत्याचं म्हणणं होतं दादाला कळू देऊ नका. अहो, रोज कॅन्सर लिहिलेल्या पाटीखालून जायचंय, त्याला कळणार नाही का, आणि काड्या तोंडात धरायला, नळी घालून घ्यायला त्याचीच तयारी लागते.

पहिल्या दिवशी वेळ जास्त लागतो, आधी फोटो काढून जागा जुळवतात, तेव्हा आत अर्धा तास झाला म्हणून घाबरू नका. बाबा बाहेर आले ते कपाळावर, गालावर मास्कच्या जाळीचे चौकोन घेऊनच, मला वाटलं काहीतरी झालं. काही नाही, ते खुर्चीत बसले, थर्मासमधला कोमट चहा प्यायले आणि म्हणाले, "एक झाला. चौतीस लिही."

मी कॅलेंडरवर लिहिलं, ३४.